पाटीवरून पुसलं गेलेलं गणित

१९०४ साल. तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम् गावी टाउन हायस्कूलमध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाला गणिताचं के. रंगनाथ राव पारितोषिक दिलं जातं. मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर त्याची ओळख करून देताना म्हणतात, की याला पैकीच्या पैकी दिले तरी ते कमीच. मुलाचं नाव श्रीनिवास रामानुजन. प्राथमिक परीक्षेत तो जिल्ह्यात पहिला आला होता. आता शिष्यवृत्ती मिळवून तो गावातल्याच सरकारी कॉलेजात दाखल होतो.

तिथे तो नापास होतो. इंग्रजी निबंधलेखनात गुण पडत नाहीत आणि शिष्यवृत्ती जाते. पुढे मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात नाव घालून तो १९०६ मध्ये एफ.ए.च्या, म्हणजे पदवीआधीच्या, परीक्षेला बसतो, पुन्हा नापास. १९०७ मध्ये आणखी एकदा, पुन्हा नापास. पदवीचा रस्ता तिथेच बंद होतो. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१८ मध्ये, हाच माणूस लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो म्हणून निवडला जातो.

ही कथा आपण प्रतिभेची कथा म्हणून ऐकत आलो आहोत. मला ती मूल्यमापनाची कथा म्हणून जास्त थक्क करते. मुलगा तोच, डोकं तेच. एक मोजमाप त्याला शंभराच्या वर नेतं, दुसरं दारातून परत पाठवतं. वर्गात तीस-चाळीस मुलं समोर असलेल्या प्रत्येक शिक्षकापुढे हाच प्रश्न रोज उभा असतो: या मुलाला काय येतं, ते मला कसं कळणार? आणि कळलं तर ते मी कसं लिहून ठेवू, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही?

परीक्षेने विचारलं एक, आपण वाचलं दुसरं

या कथेत खलनायक सापडत नाही. एफ.ए.ला इंग्रजी, संस्कृत, गणित, ग्रीस-रोमचा इतिहास आणि शरीरशास्त्र असे विषय होते, आणि सगळ्यांत उत्तीर्ण व्हावं लागे. रामानुजनला गणिताखेरीज कशातच गोडी उरली नव्हती. म्हणजे परीक्षेने जे विचारलं, त्याचं उत्तर तिने बरोबरच दिलं: हा मुलगा सर्व विषयांत सारखा तयार आहे का? नाही.

घोटाळा पुढे झाला. त्या एका उत्तरावरून भलत्याच प्रश्नाचा निकाल लावला गेला: हा मुलगा उच्च शिक्षणाला लायक आहे का? मूल्यमापनाच्या अभ्यासात ज्याला वैधता म्हणतात, ती नेमकी इथे तपासायची असते. गुण खरे की खोटे याच्या आधी, ते कशाबद्दलचे आहेत आणि आपण त्यांचा वापर कशासाठी करतो आहोत, हे बघावं लागतं. गणिताच्या पेपरात शाब्दिक उदाहरणाची भाषाच कळली नाही म्हणून एखादीचं गणित चुकतं, तेव्हा प्रगतिपुस्तकात 'गणित' या शब्दापुढे तिच्या भाषेची अडचण नोंदली जाते. घरी तंजावरी मराठी बोलणारं आणि शाळेत तमिळमधून शिकणारं मूल असो, किंवा ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर गाव सोडणारं बीडचं मूल असो, ही गफलत त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. त्यावर उपाय साधा आहे: तीच गोष्ट दाखवायला दुसरी वाट द्यायची. तोंडी सांगू दे, मणी मांडून दाखवू दे, चित्र काढू दे. कस कमी करायचा नाही, फक्त वाटेतला दगड बाजूला करायचा.

एकच उत्तरपत्रिका, किती निकाल?

समजा, परीक्षेने योग्य तेच विचारलं. मग तरी दिलेला आकडा पक्का असतो का? १९१३ मध्ये अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. भूमितीची एकच उत्तरपत्रिका त्यांनी शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. भूमिती, जिथे बरोबर आणि चूक यांत मतभेदाला जागाच नाही असं आपण मानतो. परत आलेले गुण २८ पासून नव्वदीपर्यंत पसरलेले होते. कुणी कोरडं उत्तर पाहिलं, कुणी रीत पाहिली, कुणी आकृतीच्या नीटनेटकेपणाचे गुण धरले. प्रत्येक जण आपापल्या परीने प्रामाणिक होता.

त्याहून चक्रावणारा प्रयोग फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांचा, १९३५ सालचा. हार्टॉग म्हणजे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि भारतीय शिक्षणावरच्या १९२९ च्या हार्टॉग समितीचे अध्यक्ष. त्यांनी इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांना दिल्या, आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांना पुन्हा तपासायला लावल्या. एकूण २१० निकाल. त्यांतल्या ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निकाल बदलला. पास, नापास किंवा विशेष श्रेणी यांपैकी काहीतरी दुसरं दिलं. म्हणजे मुलाचा शेरा ठरवण्यात त्याच्या अभ्यासाबरोबर गुरुजींच्या त्या दिवसाचाही वाटा होता.

तिसरी भर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकची. सैन्यातले अधिकारी आपल्या हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे गुण देत. ते सगळे एकमेकांशी संशयास्पदरीत्या जुळत असल्याचं त्याने १९२० मध्ये दाखवलं. एका बाबतीत माणूस आवडला, की बाकीच्या रकान्यांतही हात सैल सुटतो. वर्गात हेच सुंदर अक्षराच्या, पहिल्या बाकावरच्या, 'चांगल्या घरच्या' मुलांच्या बाबतीत घडतं.

हे वाचून हताश व्हायचं कारण नाही, कारण या प्रत्येक गळतीला बूच आहे. तपासणीच्या आधी कशाला किती गुण हे लिहून काढावं, शक्य तर मुलांनाही सांगावं. एका मुलाची आख्खी उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असं जावं. पहिल्या उत्तराचा प्रकाश किंवा सावली दुसऱ्यावर पडत नाही. नाव असलेला कोपरा दुमडून ठेवावा. आणि सर्वांत मोलाचं म्हणजे दोन शिक्षकांनी चार-पाच उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासून मग एकत्र बसावं. 'तू याला तीन का दिलेस?' या एका प्रश्नावर अर्धा तास जातो, आणि त्या अर्ध्या तासात दोघांनाही कळतं, की आपण नक्की काय शोधत होतो.

कोपराने पुसलेली रीत

आता कुंभकोणम्‌ला परत जाऊ. कॉलेज सुटल्यावर रामानुजन सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या आपल्या छोट्या घराच्या ओट्यावर बसून काम करत असे. मांडीवर मोठी पाटी, हातात पेन्सिल. आकडेमोड पाटीवर चाले. पाटी भरली, की फडकं शोधायला तो थांबत नसे. कोपराने पुसायचा आणि पुढे जायचा. कागद महाग होता. शेवटी हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवला जाई.

या वह्या आज जगाला ठाऊक आहेत. तीन वह्यांत मिळून तीन हजारांवर सूत्रं आणि समीकरणं आहेत, आणि जवळजवळ कुठेच सिद्धता नाही. त्याने ज्या पुस्तकावर आपली समज वाढवली, ते जी. एस. कारचं पुस्तकही असंच होतं: परीक्षार्थींसाठी सुमारे पाच हजार सूत्रांची जंत्री, रीत नावापुरती. वहीतली सूत्रं खरी आहेत का, असली तर का, हे शोधायला पुढच्या गणितज्ञांच्या पिढ्या लागल्या. १९२०च्या दशकाअखेरीस वॉटसन आणि विल्सन यांनी काम सुरू केलं. अमेरिकेत ब्रूस बर्न्ट यांनी ते पाच खंडांत तडीला नेलं; पहिला खंड १९८५ मध्ये आला, पाचवा १९९८ मध्ये.

शिकण्याची नोंद का ठेवायची, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. उत्तर उरलं, रीत पुसली गेली, आणि ती पुन्हा उभी करायला सत्तर वर्षं लागली. आपल्या वर्गातल्या मुलांच्या पाट्याही रोज पुसल्या जातात. तिथली रीत पुन्हा उभी करायला मात्र कुणी बसत नाही.

पुसल्या जाणाऱ्या रीतीत काय असतं, ते अगदी जवळून बघू. पाचवीच्या वर्गात फळ्यावर आहे: १/२ + १/३. पहिल्या मुलीने लिहिलं २/५. दुसऱ्याने लिहिलं ६/६. तिसरीने लिहिलं ५/६. गुणपत्रक म्हणेल: चूक, चूक, बरोबर. आता वहीत डोकवा. पहिलीने वरचे आकडे वर मिळवले, खालचे खाली. तिच्या मनात अपूर्णांक म्हणजे एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या संख्या आहेत. तिला विचारा, अर्ध्यात आणखी काही घातल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान कसं झालं? कारण २/५ हे अर्ध्याहून लहान आहे. हा प्रश्न ऐकून तिचा चेहरा बदलतो, आणि खरं शिकणं तिथे सुरू होतं. दुसऱ्याने छेद समान केले होते, ३/६ आणि २/६ अचूक मांडले होते, आणि घाईत तीन नि दोनाचे सहा केले. त्याला अपूर्णांक येतात. पडताळा घ्यायची सवय नाही. तिसरीचं उत्तर बरोबर, पण 'हे एकापेक्षा मोठं की लहान?' असं विचारल्यावर ती गप्प. तिला युक्ती पाठ आहे. दोन 'चूक' एकमेकांपासून कोसभर दूर आहेत, आणि 'बरोबर'ला अजून वाट चालायची आहे. आकडा हे तिन्ही झाकून टाकतो.

सरफोजीराजांच्या दवाखान्यातले कागद

नोंद कशी असावी याचा एक नमुना तंजावरातच आहे, आणि तो आपल्या मराठी राजाने ठेवला आहे. दुसरे सरफोजीराजे भोसले (१७७७–१८३२) यांना आपण सरस्वती महाल ग्रंथालयासाठी ओळखतो. त्यांनी नवविद्या कलानिधी शाळा काढली, तसा धन्वंतरी महालही उभारला. तिथे डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत, आणि प्रत्येक रोग्याचा कागद ठेवला जाई: कोण, काय त्रास, डोळा कसा दिसतो, काय केलं, पुढे काय झालं. दरबारी चित्रकारांकडून त्या डोळ्याचं रंगीत चित्रही काढून घेतलं जाई. दोनशे वर्षांनंतर आजचे नेत्रतज्ज्ञ ते कागद पाहून रोग ओळखू शकतात.

त्या कागदावर कुठे 'डोळा: शंभरपैकी बावन्न' असं नाही. कारण बावन्नावरून पुढच्या वैद्याला काहीही करता येणार नाही. शिक्षकाची नोंद हा असाच कागद आहे. तारीख, काय दिसलं, मी काय केलं, त्यानंतर काय बदललं. 'गणितात प्रगती चांगली' हा शेरा बावन्नासारखाच मुका आहे. त्याउलट, '१२ ऑगस्ट. छेद वेगळे असताना वरचे वर, खालचे खाली मिळवते. कागदी पट्ट्या जोडून दाखवल्यावर २/५ अर्ध्याहून लहान हे स्वतः ओळखलं. पुढे: उत्तराचा आधी अंदाज करायला सांगणे.' एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात, आणि पुढच्या वर्षीच्या बाईंना सहा महिने वाचतात.

हार्डीचं उत्तर

१६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातल्या एका कारकुनाने, म्हणजे रामानुजनने, केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं, सोबत सूत्रांची पानं जोडली. त्याआधी लंडनच्या प्राध्यापक हिल यांनी त्याचे कागद पाहिले होते. त्यांना त्यात अपसारी श्रेणींच्या सापळ्यात सापडलेला नवशिका दिसला. एक, दोन, तीन, चार अशा साऱ्या संख्यांची बेरीज उणे एक-बारांश! नेहमीच्या अर्थाने ते चूकच. पण त्यामागे एक खोल अर्थ होता, आणि तो सांगणारी रीत कागदावर नव्हती.

हार्डींनी ती पानं आपले सहकारी लिटलवुड यांच्याबरोबर बसून वाचली आणि ८ फेब्रुवारीला उत्तर पाठवलं. शिक्षकांनी ते उत्तर अभ्यासावं इतकं ते नमुनेदार आहे. त्यांनी गुण दिले नाहीत. निष्कर्षांचे तीन गट केले: जे आधीच माहीत आहेत किंवा माहीत असलेल्यांतून सहज निघतात, जे नवे आणि कुतूहलाचे आहेत, आणि जे नवे नि महत्त्वाचे आहेत, पण सगळं तुमच्या सिद्धतेवर अवलंबून आहे. मग त्यांनी सिद्धता मागितल्या. पुढच्या पत्रव्यवहारात, अविभाज्य संख्यांबद्दलचा त्याचा एक दावा चुकला आहे, हेही स्पष्ट कळवलं. तू कुठे आहेस, काय मोलाचं आहे, काय चुकलं, पुढे काय कर: चारही गोष्टी त्यात आल्या.

गणितज्ञ पॉल एर्डोश एक आठवण सांगत: हार्डींनी एकदा गणितज्ञांना निव्वळ प्रतिभेचे गुण दिले होते. स्वतःला २५, लिटलवुडला ३०, हिल्बर्टला ८०, रामानुजनला १००. ऐकायला सुंदर. पण त्या शंभरातून रामानुजनला पुढे काय करावं हे कळलं नसतं. तीन गटांतून कळलं. इस्राएलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग हेच सांगतो. काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. शेरे मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही: गुण दिसले, की नजर तिथेच थांबते.

इकडे मद्रास विद्यापीठाने १९१३ मध्ये स्वतःच्या नियमांना वळसा घालून, पदवी नसलेल्या या माणसाला महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी दिली. अट एकच: दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल. त्याने इंग्लंडला जाण्याआधी असे तीन अहवाल दिले, पहिला ऑगस्ट १९१३ मध्ये. आणि बघा काय झालं! वह्यांत रीत न लिहिणाऱ्या माणसाने या अहवालांत आपली रीत मांडली. आज 'रामानुजनचं मास्टर थिअरम' म्हणून ओळखलं जाणारं त्याचं लाडकं हत्यार त्याने तिथे उदाहरणांसह समजावून सांगितलं. तीन वेळा नापास करणाऱ्या परीक्षांनी जे बाहेर काढलं नाही, ते 'दर तीन महिन्यांनी काय केलंस ते सांग' या साध्या मागणीने बाहेर आलं. प्रश्न बदलला, तसं मूलही वेगळं दिसू लागलं.

आजच्या वर्गात

ही समज आता कागदावर तरी सरकारी धोरणात आली आहे. तमिळनाडूने २००३ मध्ये चेन्नईच्या महापालिका शाळांतून कृतियुक्त अध्ययन सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर नेलं. भिंतीवर शिकण्याची शिडी टांगलेली, प्रत्येक पायरीवर चिन्ह असलेलं कार्ड. मूल आपलं कार्ड स्वतः उचले, आणि काही कार्डांनंतर चाचणीचं कार्ड त्याच ओघात येई. परीक्षेची घंटा वाजत नसे. सुट्टी पडली तर मूल जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू लागे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'एण्णुम् एळुत्तुम्' कार्यक्रमात पहिली ते तिसरीची मुलं अरुंबु, मोट्टु, मलर अशा, कोंबापासून फुलापर्यंतच्या, स्तरांवर पाहिली जाऊ लागली. महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित आणि वर्णनात्मक नोंदी हे शब्द प्रत्येक शिक्षकाच्या तोंडी बसले.

त्याबरोबर ओझंही आलं. साठ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी एका रात्रीत पूर्ण करायच्या, म्हणून तयार वाक्यांच्या याद्या फिरू लागल्या, आणि 'वर्गात सक्रिय सहभाग घेतो' हे वाक्य गावोगावी सारखंच उमटलं. शिक्षकाला त्यात दोष देणं अन्यायाचं आहे. वेळ न देता मागितलेली नोंद अशीच होणार. ज्या शाळांत नोंदी जिवंत राहतात, तिथली पद्धत सोपी असते: रोज चार-पाचच मुलं, आळीपाळीने; एक-दोन ओळी, तारखेसह; महिन्यातून एकदा मुलाने स्वतः निवडलेलं एक पान फायलीत, आणि हेच का निवडलं हे त्याच्याच शब्दांत. वर्षाअखेर जूनचं पान आणि मार्चचं पान शेजारी ठेवलं, की मूल, पालक आणि शिक्षक तिघांनाही एकच गोष्ट दिसते. त्यावर वाद घालावा लागत नाही.

अशा नोंदीला आणखी एक बळ असतं: ती प्रवास करते. कुंभकोणम्‌च्या कॉलेजात रामानुजनला गणित शिकवणारे पी. व्ही. शेषू अय्यर त्याला नापास करणाऱ्या निकालाने बदलले नाहीत. काही वर्षांनी मद्रासमध्ये तो कामासाठी दारोदार फिरत असताना त्यांनीच त्याला गणितप्रेमी अधिकारी रामचंद्र राव यांच्याकडे शिफारशीचं पत्र दिलं, आणि पुढे हार्डींना लिहायला सुचवलं. त्यांना त्या मुलाचं काम आठवत होतं, म्हणून हे जमलं. प्रत्येक मुलाच्या नशिबात असा आठवण ठेवणारा शिक्षक असेलच असं नाही. बदल्या होतात, वर्ग मोठे असतात, माणसं विसरतात. म्हणून आठवणीचं काम वहीने करायचं. पुढच्या पालकसभेला गेलात, तर 'किती मिळाले?' हे शेवटी विचारा. आधी वही मागा, आणि बाईंना विचारा, की जूनमध्ये याला काय येत नव्हतं, जे आता येतं? ज्या शाळेत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक मुलाबद्दल देता येतं, तिथे मूल्यमापन न्यायाने चाललं आहे.